न दिसणारी खूण

आजोबांचं घड्याळ वाट्याला आलं त्या दिवशी खूणसाहेबांना जो संताप आला, तो पुढे दीड महिना उतरला नाही. संतापाची कारणं मात्र अधूनमधून बदलत गेली.

पहिलं कारण साधं होतं. आजोबा एक्क्याण्णव वर्षांचे होऊन शांतपणे गेले आणि जाताना चतकोर कागदावर वाटणी लिहून गेले. थोरल्या नातवाला शिसवी कपाट. मुलीला, म्हणजे खूणसाहेबांच्या आत्याला, हातांची खुर्ची आणि सगळी पुस्तकं. आणि शेवटच्या ओळीत, मुख्याध्यापकी वळणदार अक्षरात: 'घड्याळ धाकट्याला. ज्याची वस्तू त्याला पोचवणं हे त्याचं कामच आहे.' कपाटात कपडे मावतात, खुर्चीत माणूस मावतो. घड्याळात काय मावतं, असा प्रश्न खूणसाहेबांच्या मनात आला. पण सगळे म्हणाले, "नशीबवान आहेस," आणि नशीबवान माणसाला तक्रार करता येत नाही, ही या जगातली एक मोठी गैरसोय आहे.

मग आत्याने तोंड उघडलं. घड्याळ तिला आपल्या जावयासाठी हवं होतं. आजोबा अंथरुणाला खिळल्यापासून जावयाच्या मनगटाचं माप तिने मनात घेऊन ठेवलं होतं. ते ऐकताच खूणसाहेबांच्या लक्षात आलं, की या घड्याळावाचून आपण एक दिवसही जगू शकणार नाही. नको असलेली वस्तू दुसऱ्याला हवी आहे म्हटल्यावर ती किती प्रिय होते, हे ज्याला पाहायचं असेल त्याने वाटणीच्या दिवशी भिंतीला टेकून उभं राहावं.

बरीच बोलाचाली झाली आणि आत्याने अट घातली.

"ठेव तू. पण महिन्या-दोन महिन्यांनी मी येणार. मनगटावर चालू दिसलं पाहिजे. ज्या दिवशी बंद दिसेल, त्या दिवशी ते जावयाचं. पसंत?"

खूणसाहेबांना पसंत नव्हतं, पण बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्यावर घातलेल्या अटीला मान डोलवायला काही पडत नाही.

घड्याळ होतं मात्र देखणं. दुधी रंगाची तबकडी, सोनेरी काटे, सेकंदाचा काटा खाली वेगळ्या छोट्या चकतीत. ते आजोबांना एका बड्या अधिकाऱ्याने त्यांच्या शिस्तीवर खूश होऊन दिलं होतं, असं घरात सांगत. आजोबांनी स्वतः हे कधीच सांगितलं नव्हतं. कोणी सांगू लागलं की ते छताकडे बघत. हा त्यांचा विनय. घड्याळाचं मागचं झाकण त्यांनी कधी कोणाला उघडू दिलं नाही. पोरंसोरं घड्याळाला हात लावायला गेली, की म्हणत, "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये." हा त्यांचा संस्कार. आणि बाजारात जाताना समोरची सरळ गल्ली सोडून टपाल कचेरीला वळसा, मग मैदानाला वळसा, अशी वीस मिनिटांची जादा रपेट ते रोज करत. हा त्यांचा व्यायाम. नव्वदीपर्यंत त्यांचे गुडघे शाबूत राहिले त्याचं श्रेय डॉक्टर त्या वळशालाच देत.

खूणसाहेब हे अर्थात खरं नाव नव्हे. ते बसस्थानकातल्या 'हरवले-सापडले' या खिडकीवर बावीस वर्षं बसत होते. बसमध्ये राहिलेल्या छत्र्या, डबे, पिशव्या, एका पायाचे बूट त्यांच्याकडे जमा होत आणि माणसं ते न्यायला येत. न्यायला येणारा प्रत्येक माणूस चोर असतो, या भूमिकेतून ते कामाला सुरुवात करत. "छत्री माझी आहे," असं कोणी म्हटलं, की ते चष्म्यावरून बघत विचारत, "खूण सांगा." काळी आहे, म्हटलं तर म्हणत, "ती मलाही दिसते." दांडा लाकडी आहे, म्हटलं तर, "तोही दिसतो." खिडकीवर त्यांनी स्वखर्चाने पाटी लावली होती: 'दिसणारी खूण चालणार नाही. न दिसणारी सांगावी.' एकदा एका म्हाताऱ्याची कवळी बसमध्ये राहिली होती. त्याला त्यांनी खूण तोंडी सांगायला लावून अर्धा तास उभं केलं होतं. शेवटी आगारप्रमुख बाई स्वतः खाली आल्या, तेव्हा कवळी सुटली.

तर रविवारी आत्या पहिल्या तपासणीला येणार होती. म्हणून खूणसाहेबांनी आदल्या सोमवारीच घड्याळाला रोजच्यापेक्षा जास्त किल्ली दिली. आठवड्याची बेगमी एकदम झालेली बरी, असा हिशेब. विसाव्या की बाविसाव्या पिळाला आतून 'टिक्' असा आवाज आला. त्यानंतर 'टिक्' असा आवाज आला नाही. आठ वाजून वीस मिनिटांनी घड्याळ थांबलं.

खूणसाहेब त्या घड्याळावर जे काही संतापले ते सगळं इथे सांगता येणार नाही. बायकोने ते स्वयंपाकघरातून ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "अहो, समोरच्या गल्लीत दुरुस्तीवाला आहे की. कधीची जुनी गादी आहे म्हणतात."

ही तीच गल्ली, आजोबा जिच्यात कधी गेले नाहीत ती. दुकान एका दाराएवढं रुंद. आत साठीचा एक माणूस डोळ्याला भिंग लावून बसला होता आणि त्याच्यामागे भिंतीवर एका फळीला ओळीने सहा पितळी आकडे होते. पाचांवर जुनी मनगटी घड्याळं लटकत होती. एक आकडा रिकामा होता. बसायला स्टूल नव्हतं, हे खूणसाहेबांच्या पहिल्यांदा लक्षात आलं आणि त्यांनी ते मनात टिपून ठेवलं.

घड्याळवाल्यांनी घड्याळ कानाला लावलं, हलवलं, पुन्हा कानाला लावलं. म्हणाले, स्प्रिंग गेली असणार, आठ दिवस लागतील. खूणसाहेबांनी शनिवार संध्याकाळच्या पुढे एक मिनिट नाही असं सांगितलं. घड्याळवाले बरं म्हणाले आणि पावतीवर लिहिलं: 'एक घड्याळ.' एवढंच. खूणसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं वर्णन पाहिलं नव्हतं. त्यांनी पावती परत केली आणि नऊ खुणा लिहायला लावल्या. चारच्या आकड्यापाशी काचेवर ओरखडा, पट्ट्याला पाचवं भोक जास्तीचं पाडलेलं, वगैरे वगैरे.

"आतली काही खूण?" घड्याळवाल्यांनी लिहिता लिहिता विचारलं. आता तेही रंगात आले होते.

"आत कोणी बघितलेलं नाही. झाकण उघडायचं नाही, असं आजोबांचं होतं."

"उघडल्याशिवाय दुरुस्त कसं करू?"

खूणसाहेबांनी विचार केला. "उघडा. पण लागेल तेवढंच उघडा."

मग त्यांनी भिंतीकडे बोट करून विचारलं, की तोवर हातात बांधायला यातलं एखादं मिळेल का. रविवारी ते चालणार नाही, पण निदान ऑफिसात मनगट मोकळं दिसायला नको. घड्याळवाल्यांनी मान हलवली. पूर्वी देत असू, म्हणाले. वडिलांची पद्धत होती ती. गिऱ्हाइकाचं घड्याळ दुरुस्तीला आलं, की तोवर वापरायला दुकानाचं एक बदली घड्याळ द्यायचं. पण एका गृहस्थाने नेलं ते परत आणलंच नाही. चांगला माणूस होता, शिकलेला. वडिलांनी त्या दिवशी ती पद्धत बंद केली ती केलीच.

यावर खूणसाहेब त्या दुकानात उभ्या उभ्या पंधरा मिनिटं बोलले. लोक कसे असतात हे मला विचारा, म्हणाले. शिकलेलेच जास्त. गरीब माणूस पिशवी विसरतो तो घाबरत येतो आणि शिकलेला माणूस दुसऱ्याची छत्री आपली म्हणून छातीठोकपणे मागतो. त्या गृहस्थाला मी असतो तर चव्हाट्यावर उभं केलं असतं. अशा माणसाच्या नातवंडांनाही कळलं पाहिजे, आपला आजा काय लायकीचा होता. घड्याळवाले भिंग कपाळावर सरकवून सगळं ऐकत होते. "जाऊ द्या," म्हणाले, "आता तो असेल की नाही कोण जाणे."

मंगळवार, बुधवार बरे गेले. गुरुवारी ऑफिसात आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती मुद्द्यावर आली.

"घड्याळ चालतंय ना रे धाकट्या?"

"मनगटावरच आहे."

"किती वाजलेत बघ त्यात."

खूणसाहेबांनी मोकळ्या मनगटाकडे पाहिलं आणि मग समोरच्या भिंतीवरच्या स्थानकाच्या घड्याळाकडे. "सव्वाअकरा."

स्थानकाचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवण्याची पद्धत आहे. त्याने प्रवासी धावतात आणि बस वेळेवर सुटल्यासारखी दिसते. हे खूणसाहेबांना बावीस वर्षं माहीत होतं. ऐन वेळी मात्र आठवलं नाही.

"माझ्याकडे अकरा पाच झालेत," आत्या म्हणाली. "बाबांचं घड्याळ आयुष्यात कधी पुढे गेलं नाही. चार मिनिटं मागेच असायचं."

"जुनं आहे, आत्या. वयाप्रमाणे होतं थोडं."

"वयाप्रमाणे पुढे जातं? बरं. रविवारी बघतेच." आणि तिने फोन ठेवला. तिने तो ज्या पद्धतीने ठेवला त्यावरून ती रविवारची वाट बघणार नाही, हे कोणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. खूणसाहेबांना कळलं नाही. ते संतापात होते. खोटं बोलायची पाळी आपल्यावर कोणी आणली? दुरुस्तीवाल्याने. आठवडाभर काय करतोय हा माणूस?

ते पाहायला शुक्रवारी संध्याकाळी ते गल्लीत गेले, आणि दुकानाच्या दहा पावलं अलीकडेच थबकले. घड्याळवाले दारात उभे राहून शेजारच्या शिंप्याशी गप्पा मारत होते. त्यांच्या डाव्या मनगटावर दुधी तबकडी, सोनेरी काटे. चारच्या आकड्यापाशी ओरखडा. आजोबांचं घड्याळ.

दुसरा कोणी असता तर तिथेच जाऊन बोलला असता. घड्याळवाल्याने सांगितलं असतं, की बाबा, दुरुस्त केलेलं जुनं घड्याळ आम्ही चार दिवस आपल्या हाताला बांधून बघतो. टेबलावर गुमान चालणारं घड्याळ हातावर चढलं, ऊब लागली, हिसके बसले, की नखरे करतं. या धंद्यातली ही रोजची गोष्ट आहे. पण ज्या माणसाने जगातल्या प्रत्येक छत्रीमागे चोर पाहिला, त्याला समोर चालून आलेला चोर सोडवत नाही. खूणसाहेब फळवाल्याच्या गाड्याआड उभे राहिले आणि त्यांनी खिशातून डायरी काढली. 'पाच चाळीस: डाव्या मनगटावर. पाच त्रेचाळीस: त्याच हाताने शिंप्याला टाळी दिली. पाच सेहेचाळीस: त्याच हाताने कान खाजवला. पाच पन्नास: चहा, बशीतून. मनगट बशीच्या वर.' अर्ध्या तासात पान भरलं. फळवाल्याला वाटलं हे नगरपालिकेचे. त्याने गाडा दोन हात मागे घेतला आणि खूणसाहेब उघडे पडले. तेव्हा ते घरी आले आणि आगारप्रमुखांच्या नावाने चार पानी अर्ज लिहिला. या प्रकरणाशी आगाराचा काही संबंध नव्हता, पण अर्ज लिहायचा तर दुसऱ्या कोणाला उद्देशून, हे त्यांना सुचेना.

"अहो, उद्या संध्याकाळी मिळणारच आहे की," बायको म्हणाली.

"वापरलेलं."

"अडतीस वर्षं वापरलेलंच होतं."

खूणसाहेब त्या रात्री लवकर झोपले.

शनिवारी दुपारी दोन वाजता घड्याळवाले मुलीला गावी पोचवायला बसस्थानकात आले. तिची पेटी बसच्या टपावर चढवताना त्यांनी दोन्ही हात वर केले, बाही कोपरापर्यंत घसरली आणि 'हरवले-सापडले'च्या खिडकीतून ते मनगट स्वच्छ दिसलं. खूणसाहेब बावीस वर्षांत पहिल्यांदा जेवणाची सुट्टी नसताना खिडकी उघडी टाकून बाहेर आले.

"ते काढा हातातलं."

घड्याळवाल्यांनी आधी मुलीच्या बसला हात हलवला. मग वळून म्हणाले, "तयार आहे तुमचं काम. अगदी मिनिटाला मिनिट चालतंय. संध्याकाळी या दुकानात, थोडं बोलायचंय."

"बोलायचं ते इथे बोला."

"इथे बोलण्यासारखं नाही."

"नसणारच. दुसऱ्याची वस्तू हातात घालून गावभर फिरायचं आणि वर म्हणायचं, बोलण्यासारखं नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच."

घड्याळवाले बोंबा मारत नव्हते. ते हळू आवाजात एकच सांगत होते, की साहेब, दुकानात या, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. पण 'तुमच्या भल्यासाठी' हे शब्द संतापलेल्या माणसाला तेल ओतल्यासारखे लागतात. खूणसाहेबांनी त्यांना दंडाला धरून खिडकीपाशी आणलं. छत्रीसाठी ताटकळलेली दोन माणसं तिथे होतीच. कंडक्टर जमले. चहावाला किटलीसकट आला. आणि दोन दहाच्या बसमधून, रविवारऐवजी शनिवारी, हातात पिशवी घेऊन आत्या उतरली.

तिने गर्दी पाहिली, गर्दीत भाचा पाहिला, भाच्याचं मोकळं मनगट पाहिलं आणि मग परक्या माणसाच्या हातावर आपल्या बापाचं घड्याळ पाहिलं.

"सव्वाअकरा का?" ती म्हणाली.

आता माघार शक्य नव्हती. खूणसाहेबांचा आवाज आणखी चढला. तो ऐकून वरच्या मजल्यावरून आगारप्रमुख बाई खाली आल्या. बाईंना खूणसाहेबांच्या अर्जांची इतकी सवय झाली होती, की त्यांनी काय झालं ते विचारलंच नाही. खूणसाहेबांनी पुढे केलेल्या अर्जाचं चौथं पान आधी वाचलं, कारण मुद्दा नेहमी चौथ्या पानावर असे. मग घड्याळवाल्यांना विचारलं, "हे घड्याळ यांचं आहे, हे तुम्हाला मान्य आहे ना? मग देऊन टाका आणि मिटवा."

घड्याळवाल्यांनी बाही मनगटावर ओढून घेतली. म्हणाले, "बाई, मला विचारू नका. यांना सांगा, संध्याकाळी एकटे या."

"बघा," खूणसाहेब गर्दीला म्हणाले, "मान्य नाही म्हणतोय. म्हणजे आता याचा दावाच आहे."

बाईंनी खिडकीवरच्या पाटीकडे पाहिलं. त्या पाटीने त्यांना बरीच वर्षं छळलं होतं. "दोन दावेदार असले तर तुमचा नियम काय आहे, साहेब?"

नियम खूणसाहेबांनीच केलेला होता. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर खूण लिहायची. ज्याची खूण दिसणारी, त्याचा दावा बाद. खूणसाहेबांनी नऊ खुणा घडाघडा लिहिल्या. बाईंनी कागद वाचला आणि घड्याळाशी ताडून म्हणाल्या, "या सगळ्या दिसतात."

"म्हणजे काय? माझ्या आजोबांचं घड्याळ आहे."

"हे ती छत्रीवाली माणसंही म्हणतात. न दिसणारी सांगा."

मागून कोणीतरी हसलं. तो कवळीवाला म्हातारा असावा, अशी शंका खूणसाहेबांना पुढे कित्येक दिवस येत राहिली. त्यांना न दिसणारी खूण माहीत नव्हती. झाकण आजोबांनी कधी उघडू दिलं नव्हतं.

घड्याळवाल्यांनी कागद हातात घेतला. लिहिण्याआधी ते पुन्हा एकदा खूणसाहेबांना म्हणाले, "सोडून द्या. हे घ्या घड्याळ, मी जातो." खरोखरच ते पट्टा सोडू लागले. हा क्षण असा होता, की शहाण्या माणसाने दोन्ही हातांनी घड्याळ घ्यावं, नमस्कार करावा आणि घर गाठावं. खूणसाहेब म्हणाले, "असं नाही. रीतसर होऊ दे. सगळ्यांसमोर."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

घड्याळवाल्यांनी एक ओळ लिहिली आणि कागदाची घडी बाईंच्या हातात दिली. खिशातल्या पातळ सुरीने मागचं झाकण उघडून तेही त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी आधी कागद वाचला, मग झाकण, मग पुन्हा कागद. वाचून दाखवायला त्यांना बरं वाटत नसावं, कारण आवाज उगाच कोरडा काढला.

"'दुकानाचे. बदली नंबर तीन.' झाकणाच्या आत सुईने कोरलंय. तसंच."

चहावाल्याने किटली खाली ठेवली.

बदली घड्याळ म्हणजे काय ते तिथे फक्त दोघांना माहीत होतं. त्यातल्या एकाने ते सोमवारीच ऐकलं होतं आणि त्यावर पंधरा मिनिटांचं भाषणही केलं होतं. त्या भाषणातला शब्द न् शब्द आता खूणसाहेबांना आठवू लागला. चव्हाटा आठवला. शिकलेला माणूस आठवला. नातवंडांनाही कळलं पाहिजे, हे तर फारच स्पष्ट आठवलं.

"खोटं आहे," ते म्हणाले. "आमचे आजोबा मुख्याध्यापक होते."

"हो," घड्याळवाले म्हणाले. "मला इंग्रजी शिकवायचे."

आत्या पुढे आली. तिने झाकण हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो रागावलेला नव्हता. फार जुना हिशेब अचानक जुळल्यावर होतो तसा झाला.

"लग्नानंतर एकदा माहेरी आले तर बाबांच्या हातात हे. मी विचारलं, आपलं जुनं कुठंय? तर म्हणाले, दुरुस्तीला दिलंय." तिने झाकण बाईंना परत दिलं. "दर खेपेला तेच म्हणायचे. मग मी विचारायचं सोडून दिलं."

"इतक्या वर्षांत मागायला कोणी आलं नाही ते?" खूणसाहेबांनी घड्याळवाल्यांवर उलट चाल करून पाहिली. "अडतीस वर्षं गप्प बसलात?"

"वडिलांनी मला दोनदा पाठवलं होतं. दोन्ही वेळा तुमच्या घरून सांगितलं, सर फिरायला गेलेत."

टपाल कचेरीचा वळसा आणि मैदानाचा वळसा खूणसाहेबांच्या डोळ्यांपुढून एकापाठोपाठ एक गेले.

"आधी विसरले असतील," घड्याळवाले त्यांची समजूत घालत म्हणाले. "मग महिना उलटला, मग लाज वाटली असेल. जितका उशीर तितकी लाज जास्त. होतं असं. चार भिंतींत सांगावं म्हणून तर तुम्हाला संध्याकाळी या म्हणत होतो."

बाईंनी वही पुढे सरकवली. नियमाप्रमाणे खूणसाहेबांना स्वतःच्या हाताने लिहावं लागलं: 'वस्तू खूण पटवून मूळ मालकास परत.' खाली सही.

संध्याकाळी आत्या त्यांना घेऊन दुकानात गेली. एकटे सोडलं असतं तर ते गेले नसते. घड्याळवाल्यांनी दुधी तबकडीचं घड्याळ तिसऱ्या आकड्याला अडकवलं. सहाच्या सहा आकडे भरले तसं त्यांनी मागे सरून ओळ एकदा नजरेखालून घातली. मग सगळ्यात खालचा खण ओढून एक कागदी पुडी काढली. कागद पिवळा पडला होता, पण पुडी गच्च बांधलेली होती.

"हे तुमचं. केव्हाच दुरुस्त आहे. वडील होते तोवर ते महिन्यातून एकदा किल्ली द्यायचे, मग मी. चालू ठेवलेलं बरं असतं. आजही दिली आहे, वेळ लावून." खूणसाहेबांनी हात पुढे केला. घड्याळवाल्यांनी पुडी जराशी मागे घेतली. चेहऱ्यावर हसू नव्हतं. पण नव्हतंच असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं. "पावती आहे?"

पावती कुठून असणार?

"मग खूण सांगा."

खूणसाहेब ज्या घड्याळासाठी उभे होते ते त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते दुकानाच्या उंबऱ्यावर तसेच उभे राहिले, त्यांच्या खिडकीपुढे माणसं उभी राहतात तसे, आणि बसायला स्टूल नाही ही गोष्ट त्यांना पुन्हा एकदा प्रकर्षाने जाणवली.

"पट्टा आतून निळ्या दोऱ्याने शिवलेला आहे," आत्या मागून म्हणाली. "तुटला होता. आईने शिवला. काळा दोरा संपला होता, म्हणून निळा. बाहेरून दिसू नये म्हणून आतून टाके घातले. मी सुईत दोरा ओवून दिला होता."

घड्याळवाल्यांनी पुडी सोडली. लहानसं, साधं, ॲल्युमिनियमच्या डब्यासारख्या रंगाचं घड्याळ. कोणत्याही अधिकाऱ्याने खूश होऊन दिलं नसतं असं. पट्टा उलटला. निळे टाके होते, बारीक, सरळ, सात. घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं.

घड्याळवाल्यांनी ते आत्याच्या हातात दिलं. खूण तिने सांगितली होती. नियम कोणाचा होता, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. आत्याने ते जावयासाठी पिशवीत टाकलं नाही. स्वतःच्या मनगटाला बांधलं, शेवटच्या भोकात.

"बाबा खोटं कधीच बोलले नाहीत बघ," ती बांधता बांधता म्हणाली. "हात लावायला गेलं की म्हणायचेच, दुसऱ्याची वस्तू आहे."

निघताना घड्याळवाल्यांना खूणसाहेबांच्या मोकळ्या मनगटाची दया आली असावी. त्यांनी भिंतीकडे बघून विचारलं, की नवं घेईपर्यंत तुमची अडचण होत असेल तर एखादं बदली देऊ का.

"नको," खूणसाहेबांच्या आधी आत्याच म्हणाली. "आमच्या घराण्याला ते झेपत नाही."

घरी आल्यावर खूणसाहेबांनी पाकिटातून आजोबांचा चतकोर कागद काढला आणि शेवटची ओळ दिव्याखाली धरून पुन्हा वाचली. 'ज्याची वस्तू त्याला पोचवणं हे त्याचं कामच आहे.' दीड महिना ते याला शाबासकी समजत होते. आता संतापाने त्यांचे कान लाल झाले. कपाट मिळालं त्याला कपाट मिळालं, खुर्ची मिळाली तिला खुर्ची मिळाली. आणि त्यांना? स्वतःला अडतीस वर्षांत जमलं नाही ते काम म्हाताऱ्याने नातवाच्या मनगटाला बांधून दिलं होतं, आणि वर ते मोल न देता, भर स्थानकात, दोन बसच्या प्रवाशांसमोर करून घेतलं होतं.

सोमवारी संध्याकाळी बायको पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर बाजाराला निघाली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ती सवयीने आत वळली आणि चार पावलांवर तिच्या लक्षात आलं, की आपल्याबरोबर कोणी नाही. मागे पाहिलं, तर खूणसाहेब टपाल कचेरीच्या दिशेने झपाझप निघाले होते.

"अहो, बाजार इकडे आहे."

"माहीत आहे," खूणसाहेब मागे न बघता म्हणाले. "तू हो पुढे. डॉक्टर म्हणतात, चालणं चांगलं असतं."